पंचफुलाबाईचं बॉइलिंग
जामुलचं वसतिगृह महिनाअखेरीस बंद होणार हे कळलं, तेव्हापासून पंचफुलाबाईच्या घरी फोडणीच्या आधी इंग्रजी पडायला लागलं. नवरा गेल्यापासून तिचं घर वसतिगृहातल्या स्वयंपाकावरच चाललं होतं. आता हुडको वसाहतीतल्या एका गेस्ट हाउसला स्वयंपाकीण पाहिजे होती. तिथं परदेशी पाहुणे उतरायचे, म्हणून काय शिजतंय ते इंग्रजीत सांगता यायला हवं.

"आय बॉइल द राइस," पंचफुलाबाई म्हणायची.

"अरे यार मम्मी, रोजचं असलं तर बॉइल. आत्ता गॅसवर आहे तर आय ॲम बॉइलिंग. होऊन गेला तर आय हॅव बॉइल्ड. समझी?" लेक प्रेरणा डोक्याला हात लावायची.

"एका भाताची एवढी नावं? एवढी तर तुह्या बापालेही नव्हती!"

मग प्रेरणा नाक वर करून मॅडम व्हायची, "सो, पंचफुला जी, व्हॉट आर यू डूइंग?" आणि पंचफुलाबाई हसून हसून खाली बसायची. पण शिकली. सुपेल्याच्या बाजारातही पुटपुटायची. एकदा भाजीवालीनं घाबरून, काय झालं म्हणून तिच्या बोलीत विचारलं, "का होगे दीदी?"

गेस्ट हाउसातली मॅडम मात्र खरी होती. "कुक, अँड टेल मी. इंग्लिश में, हाँ?"

पंचफुलाबाईनं तांदूळ धुतले, आधण ठेवलं आणि सवयीनं पदर तोंडावर ओढला. तिची आई लग्नाच्या पंगतींचा स्वयंपाक करायची. उघड्या गंजावर, म्हणजे पातेल्यावर, तोंड उघडायचं नाही, थुंकी उडते, हा तिचा नियम. लहानपणी बोललं की हातावर पळीचा फटका.

"व्हॉट आर यू डूइंग, पंचफुला जी?"

वाक्य जिभेवर तयार होतं, पूर्ण, बिनचूक. पण तांदूळ वैरणं चाललं होतं. ओठ उघडेचनात. मॅडमनं बहिऱ्याला विचारावं तसं पुन्हा विचारलं. पंचफुलाबाईनं नुसती मान हलवली.

"इंग्लिश नहीं आती, तो आई क्यों?"

घाईघाईनं झाकण ठेवून ती मागं सरली, पदर काढला. "आय ॲम बॉइलिंग द राइस, मॅडम." पण मॅडम दाराशी पोचून दुसऱ्या बाईला बोलावत होती. ती बाई उघड्या वरणावर वाकून, "आय बॉइलिंग, मी बॉइल, दाल बॉइल," असं तोंडाचा पट्टा सोडून बोलत सुटली. काम तिलाच मिळालं.

"येत होतं ना तुले? मग कावून नाही बोलली?" घरी प्रेरणा रडकुंडीला आली.

"अन्नावर कशी बोलू, बाई?"

"एक दिवस बोलली असती तर काय झालं असतं?"

जन्मात पहिल्यांदा पंचफुलाबाईला आपल्या आईचा राग आला, आणि भांडायला आई काही उरली नव्हती.