युसूफचाचांना खाली बसायचं होतं

एकाच दुखण्याची माणसं एकत्र आली की दुखणं बरं होवो न होवो, किस्से मात्र भरपूर साठतात. आमच्या गुडघेवाल्यांच्या टोळीकडे औषधांपेक्षा तेच जास्त आहेत.

बुलढाण्याच्या आमच्या फिजिओथेरपीवाल्या मॅडमचा दवाखाना पहिल्या मजल्यावर. ज्याला तो जिना चढता येतो, त्याला दवाखान्याची गरजच काय! म्हणून मॅडमनी तोडगा काढला. सोमवारी दवाखान्यात यायचं, बाकीचे दिवस घरूनच मोबाईलवर, सगळ्यांनी एकाच व्हिडिओ कॉलवर व्यायाम करायचा.

चिखलीच्या सुशीलाताईंचा मोबाईल जमिनीवर डब्याला टेकवलेला असे, दिसायचे ते नुसते पाय. एकदा मॅडम खूश झाल्या. "ताई, गुडघा छान वाकतोय!"

आतून ताईंचा आवाज आला, "मॅडम, थे माही जाऊ हाय! माहे हात पिठात होते, तिले म्हटलं तवर तू करून घे!"

देऊळघाटचे युसूफचाचा शिंपी. मी निवृत्त कारकून. पहिल्याच सोमवारी त्यांनी मला विचारलं, "बाबू, मी जिंदगीभर पायानं मशीन चालवली, म्हणून गुडघा गेला. तुम्ही तं काहीच नाही चालवलं, तुमचा काऊन गेला?"

सरकारी नोकरीचं इतकं अचूक मूल्यमापन मी वरिष्ठांकडूनही ऐकलेलं नाही.

मॅडमनी एकदा प्रत्येकाला विचारलं, बरं झाल्यावर काय करणार? सुशीलाताईंना माहेरी जायचं होतं. मला फिरायला. चाचा म्हणाले, "मले खाली बसायचं हाय."

"चाचा, तेवढं सोडून बोला. खुर्ची वापरा."

"मॅडम, घरवाली खाली गादीवर पडून हाय. मी खुर्चीवर बसून तिच्यासंगं बोलू? मी काय साहेब हाओ?"

चाचींचं अर्धं अंग गेलेलं. पलंगावरून पडायच्या, म्हणून गादी जमिनीवर घातलेली. सून घास भरवायची, चाचा वरून बघायचे. मॅडमनी खुर्ची बाजूला सारली. मग म्हणाल्या, "शिकवते. पण सावकाश, आधार धरून."

तेव्हापासून मोबाईलवर चाचांचा एकच धडा. पलंगाचा कठडा धरून अर्ध्यापर्यंत यायचे आणि तिथेच अडकायचे. चाची आम्हाला कधी दिसल्या नाहीत. गादीवरून नुसता आवाज यायचा, जडावलेला, पण हुकमी. "पाठ सरळ! मॅडम काय सांगून राह्यल्या?"

चाचा कण्हत म्हणायचे, "मॅडम, तुम्ही सुट्टी घ्या. इथं एक हाय!"

मग एका आठवड्यात चाचा मोबाईलवर आले नाहीत. सोमवारी दवाखान्यातही नाहीत. चाची गेल्याचं कळलं.

आम्ही देऊळघाटला गेलो, मॅडमही आल्या. खोलीत सतरंजी अंथरलेली, सगळे खाली बसलेले. आमची चाल पाहून कोणीतरी प्लास्टिकच्या खुर्च्या आणल्या. आम्ही मुकाट्यानं त्यांवर बसलो.

चाचा पलंगापासून लांब, मोकळ्या जमिनीवर बसले होते. चाचींची गादी तिथूनच उचललेली होती.

सुशीलाताई हळूच म्हणाल्या, "चाचा, तुम्हीबी खुर्ची घ्या ना."

चाचांनी त्यांच्याकडे पाहिलं नाही. मॅडमकडे पाहिलं.

"मॅडम, जमलं. कोणाचा हात नाही धरला." जमिनीवरून हात फिरवत म्हणाले, "उठायचं मंग शिकवा."