कुबातने दोनदा नको म्हटलं होतं

कारा-बाल्टा गावात एर्मेकच्या हाताची भट्टी कधी घरात धूर सोडत नाही, असं लोक म्हणत. घर तापवायच्या विटांच्या भट्ट्या बांधायच्या, धुराडी साफ करायची, हा त्याचा धंदा. थंडी तोंडावर आली की त्याला जेवायलाही फुरसत नसे. तरी दर वर्षी पहिलं धुराडं तो शायिरकुल आपाचं साफ करायचा, आणि फुकट. म्हातारी एकटीच राहायची. तिचा एकुलता एक मुलगा कुबात हा एर्मेकचा जिवलग दोस्त. तो जाऊन अठरा वर्षं झाली होती.

"माझ्या पोरानं तुला नशेला लावलं," चहा ओतताना ती म्हणायची, "आणि तू त्याच्या आईची काजळी काढतोस. कुठून आणलंस रे इतकं मोठं मन?"

एर्मेक मान खाली घालून चहा प्यायचा.

खरं उलटंच होतं. पांढरी पूड ओश शहरातून आणली होती एर्मेकच्या आतेभावाने, आणि दोस्तांत वाटली होती एर्मेकने. तेव्हा दोघं एकोणीस वर्षांचे होते. साखर कारखान्यामागच्या गॅरेजात सगळे जमले होते. कुबात म्हणाला, "नको यार, मला नको." थोड्या वेळाने पुन्हा, "खरंच नको."

"जा, आईला विचारून ये!" एर्मेक सगळ्यांदेखत बोलला. "दूध पिऊन झोप म्हणेल ती." पोरं खो खो हसली. कुबातचे कान लाल झाले. त्याने हात पुढे केला.

दोन वर्षांत कुबातने घरातला गालिचा विकला, आईचे कानातले विकले. एका दुपारी त्याच गॅरेजात तो निपचित पडलेला सापडला. एर्मेकला वडिलांनी मामाकडे डोंगरावर धाडलं. घोडे राखून, बर्फ तुडवून आणि मामाचा मार खाऊन तो नशेतून सुटला. परत आला तेव्हा गावभर झालेलं होतं, की कुबातनेच दोस्तांना बिघडवलं. एर्मेकने ते खोडून काढलं नाही. पहिल्या वर्षी धीर झाला नाही. पुढे पुढे तर कोणत्या तोंडाने सांगणार?

यंदा कुबातच्या पुण्यतिथीला शायिरकुलने बोर्सोक, म्हणजे कणकेचे छोटे गोळे, तळले, मुल्लाला बोलावलं, नातलग जमले. प्रार्थना झाल्यावर ती भिंत धरून उभी राहिली.

"माझे दिवस भरत आलेत," ती म्हणाली. "एर्मेक, माझ्या मुलानं तुझं जे वाटोळं केलं, त्याची मी माफी मागते. सगळ्यांसमोर म्हण, माफ केलं. म्हणजे त्याला तिकडे सुख लागेल."

सगळे त्याच्याकडे बघू लागले. दोनच शब्द म्हणायचे होते.

"आपा, त्याने नाही," एर्मेक म्हणाला. "ती पूड मी वाटली होती. तो नको म्हणत होता."

"काय?"

"दोनदा नको म्हणाला. मी सगळ्यांसमोर त्याची टर उडवली, म्हणून घेतली त्याने."

म्हातारी मटकन खाली बसली.

"तो गेला त्या दिवशी सकाळी मी त्याला घराबाहेर काढलं होतं," ती म्हणाली. "म्हटलं, लोकांची पोरं बिघडवणारा माझ्या पोटी जन्मला, तोंड दाखवू नकोस. तो काही बोलला नाही रे. एका शब्दाने तुझं नाव घेतलं नाही."

हे एर्मेकला ठाऊक नव्हतं. त्याने तिचे पाय धरायला हात पुढे केले.

"शिवू नकोस," ती म्हणाली. "जा."

त्या हिवाळ्यात तिची भट्टी दुसऱ्या कारागिराने साफ केली. धड झाली नाही. जाता-येता धूर खिडकीतून निघताना एर्मेकला दिसे, पण आत पाऊल टाकायची सोय राहिली नव्हती. गावात बातमी पसरली, निम्मी कामं गेली. बायकोने विचारलं, "लोक म्हणतात ते खरं का?" तो म्हणाला, "खरं आहे."

वसंतात शेजारीण सांगत आली, की म्हातारीने कुबातचा फोटो पेटीतून काढून भिंतीवर लावलाय. येईल त्याला दाखवते नि म्हणते, "माझा मुलगा नको म्हणाला होता."

"आणि माझ्याबद्दल काही?" एर्मेकने विचारलं.

"नाही," शेजारीण म्हणाली. "तुझं नाव निघालं की गप्प होते."