शेवटच्या दाबाचा गुन्हा

हापशीचा दांडा रोजच्या जोराने दाबावा आणि तो एकाएकी हातात पिसासारखा हलका व्हावा. धार नाही, ओढ नाही, नुसता पोकळ खडखडाट! देवरीकडच्या एका खेड्यात या उन्हाळ्याच्या सुरुवातीला एका सकाळी हापशीच्या आतली सळई अशी तुटली. दांडा तेव्हा माझ्या थोरल्या बहिणीच्या, सीताबाईच्या हातात होता.

झाले, निकाल लागला! जिच्या हातून हापशी मोडेल तिने उन्हाळाभर सगळ्यांच्या मागून पाणी भरायचे, असा त्या गावचा रिवाज. सळई नवी बसली, पण साठीची माझी बहीण ऊन डोक्यावर येईपर्यंत पाण्याचा रिकामा गुंड घेऊन ताटकळू लागली, आणि तिची पाळी येईतो हापशी गढूळ ओकू लागे. "मी तं रोजच्यावानीच हापसून राहिली होती गा," ती मला म्हणाली, आणि माझे डोके फिरले.

अर्धे आयुष्य मी तिरोड्याच्या एका वर्कशॉपात तुटलेले लोखंड पाहण्यात घालवले आहे. टाकून दिलेला तुकडा मी शोधून काढला. तुटलेले तोंड जवळजवळ सगळे जुन्या गंजाने काळवंडलेले, आणि काठाशी नखाएवढाच पट्टा कोरा, चकचकीत. त्या सकाळी तुटला तो एवढाच! बाकीची सळई कितीतरी महिने आधीपासून तुटत आली होती. मागच्या दुरुस्तीत ती वाकली, तेव्हा मिस्त्रीने दगडावर ठेवून हातोड्याने सरळ केली. डोळ्यांना सरळ दिसली. ताण मात्र पोटात राहिला आणि घावाचा व्रण अंगावर. त्या व्रणात बारीक चीर पडली. प्रत्येक दाबासरशी ती उघडे, पाणी आत शिरे, कोरे लोखंड गंजे, चीर केसभर पुढे सरके. नुसत्या पाण्याला किंवा नुसत्या ओढीला ते पोलाद वर्षानुवर्षे पुरून उरले असते. दोघांनी मिळून त्याला खाल्ले.

आणि गुन्हेगार कोण, तर शेवटचा दाब देणारी बाई? चोर सोडून संन्याशाला सुळी, दुसरे काय! घरोघरी तरी वेगळे काय चालते? वर्षानुवर्षे निमूट ऐकणारी सून एके दिवशी उलटून बोलते, आणि लोक तिचा तो एकच शब्द धरून बसतात. आधीच्या घावांचा हिशेब कुणी विचारतो का?

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तो तुकडा हापशीवर सगळ्या बायांपुढे धरला. रिवाज चालवणाऱ्या म्हाताऱ्या रामाजींनी त्यावर अंगठा घासला, पुन्हा घासला.

"हा गंज तं लय जुना होय," ते पुटपुटले. मग जरा ओशाळून म्हणाले, "सीताबाई, उद्यापासून तूच पयली भर."

बहिणीने गुंड कमरेवर घेतला.

"पयली कायले? माह्या नंबरानं भरीन."