टेबलाखालचा पाय

सॅन फ्रान्सिस्कोच्या चायनाटाउनमधल्या एकाच खोलीत वाई-हान आणि गोक-तिमनं एकतीस वर्षं संसार केला. गोक-तिम हॉटेलात डिमसमच्या वाफाळ पुरचुंड्या वळायचा, त्याची बायको वाई-हान कारखान्यात कपडे शिवायची. हॉटेलातनं निवृत्त झाला आणि वर्षभरात माणूस बदललाच. भाताचा वाडगा पुढ्यात घेऊन नुसता बसायचा. मग नळ सोडून रडायचा. नळाच्या आवाजात रडणं ऐकू जात नाही, अशी आपली त्याची समजूत!

"काय होतंय रे म्हाताऱ्या?"

"छातीत दगड बसलाय."

जडीबुटीवाल्याचे कडू काढे झाले, पण दगड हलेना. शेवटी दवाखाना गाठला. तिथली दुभाषी निघाली त्यांच्याच मूळ गावच्या लोकांच्या मंडळातली थाम बाई, लेकीच्या होणाऱ्या सासूबरोबर दर रविवारी चहाला बसणारी. लग्न दोन महिन्यांवर आलं होतं. बाप वेडा म्हटल्यावर लेकीला कोण करून घेणार?

"डॉक्टर विचारतायत, मन उदास असतं का? रडू येतं?"

गोक-तिमनं मान वर केली. "मला ना, सकाळी जाग आली की..."

वाई-हाननं टेबलाखाली त्याचा पाय दाबला.

"गॅस होतो हो त्यांना!" ती हसली. "चापून खातात, मग छाती जड होते."

छातीचा फोटो काढला. त्यात दगड कुठला दिसायला!

"डॉक्टर चांगला होता," घरी येताना तो एवढंच म्हणाला.

"लग्न होऊ दे, परत जाऊ."

लग्न थाटात झालं. फोटोंमध्ये तो हसला. मग त्यानं जेवणच टाकलं, आणि नव्या वर्षाच्या आधी गेला.

चार महिन्यांनी लेकीनं वाई-हानला त्याच दवाखान्यात नेऊन बसवलं. समोर तोच डॉक्टर, तीच थाम बाई, तोच प्रश्न.

"छातीत दगड बसलाय," वाई-हान म्हणाली.

थाम बाईनं डॉक्टरला काहीच सांगितलं नाही. पेन खाली ठेवलं.

"काकू, माझ्या आईच्या छातीतही होता. इथेच बरी झाली ती."

"मग तेव्हा का नाही बोललीस?"

थाम बाईचे डोळे भरले. "तुम्ही काकांचा पाय दाबलात, ते पाहिलं होतं मी. म्हटलं, घरची गोष्ट आहे."

वाई-हाननं टेबलाखाली पाहिलं. शेजारची खुर्ची रिकामी होती. तिनं आपला पाय हळूच मागे घेतला.

"त्यांना सकाळी जाग आली की..." ती म्हणाली, आणि पुढचं तिला सांगता येईना. ते तिनं कधी ऐकूनच घेतलं नव्हतं.