फलाहाराचा कागद

मेली ती सडपातळ व्हायची थेरं! आजही आठवली की माझं टाळकं सरकतं.

लग्न होऊन कोळवणला आले त्याला दोन वर्षं झाली होती, थोरला पाच महिन्यांचा होता. हे पुण्यात कचेरीत कारकून, दर शनिवारी एसटीनं घरी यायचे. एका शनिवारी खिशातून छापील कागद काढला. महिन्यात बारीक व्हायचा उपाय! कचेरीतल्या सगळ्यांच्या बायका म्हणे तेच खात होत्या. सकाळी बिनदुधाचा चहा, दुपारी वाटीभर भात नि उकडलेली भाजी, संध्याकाळी फक्त फलाहार. माझे डिंकाचे लाडू त्याच दिवशी बंद झाले.

"आणि महिन्यानंतर काय खायचं?" मी विचारलं. कागदावर ते लिहिलंच नव्हतं.

"सवय होते," हे म्हणाले. आयत्या ताटावर बसणाऱ्याला काय जातंय बोलायला!

फलाहार ऐकून सासूबाई हसल्या. "म्हंजी फराळच की! उपास हाय समज, पोरी." मग रोज संध्याकाळी मला वरईचा भात नि शेंगदाण्याची आमटी. भातलावणीचे दिवस, चिखलात वाकून वाकून कंबरडं मोडायचं. त्या फराळावर मी तग धरला, अंगावर दूधही राहिलं.

पुढच्या शनिवारी ह्यांनी माझं ताट बघितलं नि आईवर ओरडले, "अगं, फलाहार म्हणजे फळं!"

"आखाडात हितं फळं कुटनं आणू रं? तुझ्या कागदाला लागल्यात व्हय?"

हे माझ्याकडे वळले. मला पोराच्या गळ्याची शपथ घातली, महिनाभर कागदाबाहेरचं खाणार नाही म्हणून. फळं पुण्याहून आणतो म्हणाले, ती कधी एसटीत चढलीच नाहीत.

पंधरा दिवसांत पोर छातीला ओढून ओढून रडायला लागलं. "खा गं काहीतरी," सासूबाई म्हणायच्या. मी खाल्लं नाही. शपथ मोडली नि पोराला काही झालं तर? पोर माझ्यासमोर भुकेनं रडत होतं आणि मी त्याच्याच शपथेला भीत होते, एवढी मी येडी! शेवटी सासूबाईंनी त्याला शेळीचं दूध सुरू केलं.

हे मात्र खूष. महिना सरल्यावर पुण्याला नेऊन माझा फोटो काढला.

मग मी कागद चुलीत घातला नि पोटभर जेवायला लागले. दिवाळीपर्यंत अंग होतं तसं भरलं. दूध काही आलं नाही. पोराला पदराखाली घेतलं की ते तोंड फिरवायचं.