पटावरचा एकोणतिसावा

क्लासचे किस्से साठतात ते घरातल्या जुन्या चार्जरांसारखे. कुठला कधी आला ते आठवत नाही, टाकवत तर एकही नाही, आणि ड्रॉवर उघडून एक ओढला की बाकीचे त्याला अडकून बाहेर येतात. तांडेल मॅडम, फडके काका आणि मी, आम्ही तिघं चहाला बसलो की असंच होतं. कोणीतरी म्हणतं, "तो पाण्याचा सांगा," आणि तासभर कोणी उठत नाही.

आधी आम्ही कोण ते सांगतो. डोंबिवली पूर्वेला पहिल्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत आमचा आठवी ते दहावीचा क्लास चालायचा. माझी बायको सुनंदा गणित शिकवायची, मी मराठी आणि इतिहास, कोपरीहून येणाऱ्या तांडेल मॅडम विज्ञान. सुनंदा दोन वर्षांपूर्वी गेली. गणिताला शेजारच्या इमारतीतले फडके काका आले. वय अडुसष्ट, कारखान्यातून ड्राफ्ट्समन म्हणून निवृत्त. मग क्लासची इमारतच रिडेव्हलपमेंटला गेली.

खोल्या रिकाम्या करताना मी दोघांना म्हटलं, "आता पुरे. बंद करू. ठाण्याचा तो मोठा क्लास मुलांना घ्यायला तयार आहे."

"ऑनलाइन घेऊ," तांडेल मॅडम म्हणाल्या.

"मला नाही जमायचं."

"दिवाळीपर्यंत बघा. तेव्हाही बंद करावासा वाटला तर करा. आम्ही एक शब्द बोलणार नाही."

"मी बोलेन," फडके काका म्हणाले.

दिवाळीपर्यंत, असं ठरलं. पटावर अठ्ठावीस मुलं होती.

*

ऑनलाइन क्लासला अकाउंट लागतं. घरात एकच होतं. सुनंदा नाशिकच्या भाचीला लॅपटॉपवरून गणित शिकवायची, तेव्हा तिने काढलेलं. मी तेच उघडलं. त्यामुळे पडद्यावर चेहरा माझा आणि खाली नाव "सुनंदा मॅडम".

जुन्या मुलांनी काही विचारलं नाही. पण त्या जूनमध्ये एक मुलगा नवा आला होता. त्याच्या आईने माझा चेहरा पाहिलेला नव्हता. ती स्वयंपाकघरातून फक्त आवाज ऐकायची आणि येता-जाता नाव वाचायची. आठवड्याने तिचा तांडेल मॅडमना मेसेज आला. "सुनंदा मॅडमचा घसा फारच बसलाय हो. अगदी पुरुषासारखा आवाज येतोय. त्यांना सांगा, ज्येष्ठमध चघळा."

तांडेल मॅडमनी मला फोन केला. "सर, काय उत्तर देऊ?"

"धन्यवाद म्हणा."

चौथ्या दिवशी आमच्या वॉचमनकडे ज्येष्ठमधाची पुडी आली. मी ती संपवली. घसा खरंच सुधारला.

"सर, नाव बदलून देऊ का?" तांडेल मॅडमनी विचारलं. "दोन मिनिटांचं काम आहे."

"बघू," मी म्हटलं.

ऑगस्टमध्ये त्यांनी पुन्हा विचारलं. मी म्हटलं, आज नेट स्लो आहे.

*

फडके काकांना लॅपटॉपची भीती नव्हती, हीच भीतीची गोष्ट होती. पहिल्याच तासाला त्यांनी वर्गसमीकरण सोडवलं, शेवटच्या ओळीशी आले आणि म्हणाले, "आता मी गोल केलंय ते उत्तर सगळ्यांनी वहीत घ्या."

अठ्ठावीस चेहरे पडद्याच्या जवळ आले.

"अरे, गोल केलंय ना लाल?"

"काका, लाल काही दिसत नाहीये."

"असं कसं? एवढा ठळक केलाय."

काकांनी खिशातल्या लाल मार्करने स्वतःच्या लॅपटॉपच्या काचेवर गोल काढला होता. एकच नाही. तासभरात त्यांनी काचेवर चार बाण, दोन अधोरेखनं आणि एक "महत्त्वाचे" लिहिलं होतं. वर अधूनमधून ओल्या फडक्याने पुसतही होते. मुलांना वाटत होतं, काकांना घाम येतोय.

"म्हणजे कोणालाच दिसलं नाही?" काकांनी विचारलं.

दिवा स्टेशनकडचा सोहम म्हणाला, "तुमच्या घरी दिसलं असेल काका."

*

पटावर दिव्याहून येणारी सात मुलं होती आणि ती बहुतेक एकाच गल्लीतली. जुलैतली गोष्ट. माझा इतिहासाचा तास रंगात आला होता. निदान मी आलो होतो. सहा पंचवीसला पडद्यावरचे सात चौकोन एकदम रिकामे झाले. मुलं गायब, मागच्या भिंती तेवढ्या दिसतायत. एका भिंतीवर पाल होती, ती मात्र लक्ष देऊन ऐकत होती.

मी बाकीच्यांना विचारलं, "दिव्याचं नेट गेलं का रे?"

कुठल्यातरी उघड्या माईकमधून बादलीचा आवाज आला आणि पाठोपाठ सोहमचा. "नाही सर. पाणी आलंय."

तीन दिवसांत एकदा, तेही वीस मिनिटं येणाऱ्या पाण्यापुढे मी काय बोलणार? तांडेल मॅडमनी सरळ टाइमटेबलात तशी सुट्टी घातली. सोमवार साडेसहा, बीजगणित, आणि कंसात, पाणी आल्यास पावणेसात.

सप्टेंबरमध्ये ठाण्याच्या मोठ्या क्लासने डेमो ठेवला. त्यांचं स्वतःचं ॲप, त्यात हलणारी चित्रं, बरोबर उत्तराला टाळ्या. दिव्याची तीन मुलं गेली. मी मनात पटावर काट मारली होती. चौथ्या दिवशी तिघंही परत हजर.

"का रे, आवडलं नाही?"

"भारी आहे सर," सोहम म्हणाला. "पण ते पाण्याला थांबत नाहीत."

*

तांडेल मॅडमच्या घरी हॉलमध्ये टीव्ही चालतो, म्हणून त्या स्वयंपाकघरातून शिकवतात. त्या दिवशी प्राण्यांचं वर्गीकरण होतं. मागे ओट्याशी त्यांच्या सासूबाई बांगडे साफ करत होत्या. सासूबाईंचं आयुष्य मासळी विकण्यात गेलेलं.

"मासे कल्ल्यांद्वारे श्वसन करतात," मॅडम म्हणाल्या आणि आकृती दाखवायला गेल्या, तर आकृतीची फाइल उघडेना.

मागून आवाज आला. "कल्लं दाखवाला कागद कनाला पायजे?"

आणि कॅमेऱ्यासमोर अख्खा बांगडा आला. सासूबाईंनी अंगठ्याने कल्ला उचलून धरला. "यो बघा. लाल हाय ना? मंग ताजा. काला परला त घेवाचा नाय. कोनी कितीपन सांगूदे."

असा तास आमच्या क्लासमध्ये कधी झाला नव्हता. मुलं पडद्याला नाक लावून बघत होती. फडके काका ऑनलाइन शिकवणं शिकायचं म्हणून मॅडमच्या तासाला बसायचे. त्यांनी मात्र कॅमेरा बंद केला. पक्के शाकाहारी.

पुढच्या चाचणीत प्रश्न होता, मत्स्य वर्गाची वैशिष्ट्ये लिहा. एकोणीस मुलांनी तिसरा मुद्दा लिहिला होता: "कल्ले लाल असावेत. काळे पडल्यास घेऊ नये."

*

मराठीची तोंडी परीक्षा मी एकेकाला बोलावून घेतली. विठ्ठलवाडीचा आर्यन. मागे पडदा, पडद्याखाली दोन पावलं. आई आहे हे मला कळत होतं. मला कळतंय हे आर्यनला कळत होतं. आईला कोणी सांगितलं नव्हतं.

"कानाडोळा करणे. वाक्यात उपयोग कर."

आर्यन छताकडे बघू लागला. पडद्यामागून कुजबुज आली. "सांग, बाबा घरातल्या कामाकडे कानाडोळा करतात."

"बाबा घरातल्या कामाकडे कानाडोळा करतात," आर्यन म्हणाला.

पडद्याच्या दुसऱ्या बाजूने, कॅमेऱ्याबाहेरून, एक जाड आवाज आला. "मी इथेच बसलोय."

"बघा सर," पडदा आता उघडपणे बोलला, "इथे बसून ऐकू आलं. मघाशी गॅस बंद करा म्हटलं ते नाही आलं."

आर्यनला पूर्ण मार्क दिले. त्यातला एक कोणाचा, ते मी विचारलं नाही.

*

आता एक जुना, खोल्यांमधला.

हजेरी सुनंदा घ्यायची. पहिल्या तासाआधी खालच्या टपरीवर चहा प्यायची माझी सवय, त्यामुळे मी कायम उशिरा. एके दिवशी तिने शेवटच्या मुलाचा नंबर घेतला, वही मिटली नाही, आणि पुढचा नंबर पुकारला. मुलं इकडेतिकडे बघू लागली. असा नंबरच नव्हता. तेवढ्यात मी दारात.

"हजर म्हणा," ती म्हणाली.

"हजर," मी म्हटलं.

"उशिरा आलात. मागे बसा."

मी मागच्या बाकावर बसलो. तिचं बीजगणित पूर्ण ऐकलं. त्या दिवसापासून पटावरचा शेवटचा नंबर माझा. प्रत्येक बॅचमध्ये आकडा बदलायचा, मी तोच. रोज शेवटी ती तो नंबर पुकारायची आणि मी जिन्यातूनच हजर म्हणायचो. ती गेली तेव्हा ही बॅच आठवीत होती.

पुढे हजेरी माझ्याकडे आली. मी शेवटच्या मुलापर्यंत घेतो आणि थांबतो.

*

या बॅचची शेवटची म्हणजे अठ्ठावीस नंबर, ऋतुजा. ऑनलाइन झाल्यापासून तिच्या फोनचा माईक बिघडलेला. ती चॅटमध्ये लिहून हजेरी लावायची. पण तिच्या फोनला "हजर" हा शब्द मान्य नव्हता. तो स्वतःहून दुरुस्त करायचा. त्यामुळे रोज सगळे हजर, हजर, हजर, आणि शेवटी ऋतुजा: "हजार".

फडके काका एकदा म्हणाले, "अठ्ठाविसांच्या क्लासात एकटीच हजार. हिला गणिताची काय गरज?"

*

दिवाळी जवळ आली. मुलं टिकली होती, अठ्ठावीसच्या अठ्ठावीस. तांडेल मॅडम खूश होत्या. फडके काकांनी आता काचेवर लिहायचं सोडलं होतं, कागदावर लिहून कागद उलटा धरायला लागले होते. म्हणजे प्रगती होती.

माझं मात्र ठरलं होतं. मी दोघांना फोन केला. "शेवटच्या दिवशी हजेरीनंतर मुलांना सांगतो. ठाण्याच्या क्लासशी बोलून ठेवलंय. सुट्टीनंतर ती तिकडे जातील."

"का पण?" तांडेल मॅडमनी विचारलं. "सगळी आहेत की."

"मुलांचं काही नाही," मी म्हटलं.

त्यांनी शब्द दिला होता, त्या बोलल्या नाहीत. फडके काकांनी बोलेन असं सांगितलं होतं. तेही बोलले नाहीत. फक्त म्हणाले, "सोमवारचा बीजगणिताचा कागद मी करून ठेवलाय. नंतर लागला तर असावा."

शेवटच्या दिवशी सगळे वेळेवर आले. दिव्यात त्या दिवशी पाणी नव्हतं. तांडेल मॅडम आणि काका आपापल्या चौकोनांत बसले होते. बऱ्याच मुलांच्या मागे फराळाचे डबे दिसत होते, आर्यनच्या मागे त्याचे बाबा चकलीचा सोऱ्या दाबत होते. मी काय सांगायचं ते एका चिठ्ठीवर लिहून घेतलं होतं. चारच वाक्यं होती.

हजेरी सुरू केली. एक, हजर. दोन, हजर. सत्तावीसपर्यंत आलो.

"अठ्ठावीस."

मी चॅटकडे बघितलं. तिथे काहीच आलं नाही.

"हजर," असा आवाज आला. ऋतुजाचा. कोणीतरी तिला हेडफोन दिला होता. हा आवाज मी चार महिन्यांत ऐकला नव्हता.

"अरे वा," मी म्हटलं. "माईक चालू झाला."

"हो सर."

मी वही मिटली आणि चिठ्ठी उघडली.

"सर," ऋतुजा म्हणाली, "एकोणतीस?"

"हजर," मी म्हटलं. तोंडातून गेलंच ते.

मला घसा खाकरायचा होता, म्हणून मी माईक बंद केला. चिठ्ठी समोर धरली. पहिलं वाक्य वाचलं, पुन्हा वाचलं.

"सर, आवाज येत नाहीये," आर्यन म्हणाला.

"सरांचं नेट गेलं बहुतेक."

"नेट नाही गेलं. हलतायत ना."

सोहमने फोन डोळ्यांजवळ नेला. माझ्या चौकोनाखालचं नाव त्याने वाचलं.

"अरे गप्प बसा सगळे," तो म्हणाला. "मॅडम म्यूटवर आहेत."

मी चिठ्ठी वहीत ठेवली आणि माईक चालू केला. सुट्टीनंतरच्या सोमवारी साडेसहाला बीजगणित आहे, असं सांगितलं. पाणी आलं तर पावणेसातला.