डावी गाठ

माझी सून ज्योत्स्ना अमरावतीला शाळेत मराठी शिकवते, त्यामुळे तिला प्रत्येक गोष्टीत उद्देश लागतो. मला पंचाहत्तरावं लागणार म्हणून मुलगा कुलदीप म्हणाला, "बाबा, तुमी आत्मचरित्र लेहा. वाढदिवसाले दोनशे प्रती छापून वाटू." मी लगेच हो म्हटलं. ज्योत्स्नानं जाड वही आणून दिली आणि बजावलं, "बाबा, नुसत्या आठवणी नका लिहू. तुमच्या जगण्याचा उद्देश काय होता, ते वाचणाऱ्याला कळलं पाहिजे."

मी वरूडचा जानराव, संत्र्याची कलमं बांधणारा. पन्नास वर्षांत माझ्या जगण्याचा उद्देश मला कोणी विचारला नव्हता. लिहिता लिहिता सापडेल म्हणून बसलो.

आमचं काम बाहेरच्यांना माहीत नसतं म्हणून सांगतो. जंबेरी म्हणजे रानटी, आंबट लिंबासारखं झाड. त्याचं रोप चिवट, त्याची मुळं आमच्या काळ्या जमिनीत टिकतात. त्या रोपाच्या सालीला चीर द्यायची, चांगल्या संत्र्याच्या फांदीवरचा एक डोळा, म्हणजे कोंब धरलेला सालीचा तुकडा, काढून चिरेत बसवायचा आणि वरून प्लास्टिकच्या पट्टीनं बांधायचं. थंडीभर हेच. डोळा फुटला की वरचं जंबेरी छाटायचं. खालून जंबेरीची फूट आली तर ती दिसली की खुडायची. ती राखली तर संत्र्याची फूट मरते, जंबेरीचं झाड होतं आणि पाच-सहा वर्षांनी फळ धरतं ते आंबटढाण.

मी दिवसाला सहाशे डोळे बांधायचो. मी डावखुरा, माझी गाठ उलटी बसते, पण हात असा चालायचा की बघणारे उभे राहायचे. शालिकराम माझ्याच वयाचा, माझ्याच वाफ्यात शेजारी बसून तीनशेसुद्धा बांधायचा नाही. प्रत्येक डोळा उजेडात धरून पाहायचा, बायको तांदूळ निवडते तसा. पण त्याच्या शंभरातले पंचाण्णव जगायचे, माझे सत्तर. नर्सरीत येणारा प्रत्येक शेतकरी विचारायचा, "शालिकरामच्या हातची आहेत का?" पन्नास वर्षं हे वाक्य मी ऐकलं. चहावालासुद्धा पहिला कप त्याला द्यायचा. माझ्या मुलीच्या, पौर्णिमाच्या लग्नात तो कमरेला टॉवेल बांधून पंगतीत बुंदी वाढत होता, आणि पाहुणे बाप म्हणून मला सोडून त्यालाच हाका मारत होते. माझ्या अंगाचा तिळपापड झाला होता. ज्या माणसानं आपलं काहीच बिघडवलं नाही, त्याला पाण्यात पाहणं फार दमवतं. पण ते मी नेमानं केलं.

दोन महिन्यांत मी दीडशे पानं लिहिली. ज्योत्स्नानं सुट्टीत वरूडला आल्यावर ती वाचली आणि चष्मा काढून म्हणाली, "बाबा, शालिकरामकाका नाहीत असं यात एक पान नाही. आईंचं नाव चार ठिकाणी आहे."

माझी बायको केशरबाई पोळ्या लाटत होती. ती तिथूनच म्हणाली, "चार ठिकाणी तरी आहे का? मले वाटलं एकच."

मी चिडून वही ओढून घेतली. खोलीत बसून पुन्हा वाचली. पोरीचं म्हणणं खरं होतं. त्याचा विळीसारखा वाकलेला अंगठा, पाणी पिताना डोळे मिटणं, नवीन बाग पाहिली की चप्पल काढून आत जाणं, सगळं तपशिलानं लिहिलं होतं. मी कसा पाणी पितो ते मला आठवेना. आत्मचरित्र माझं, माणूस तो.

आणि एक पान मी लिहिलंच नव्हतं.

अकोल्याकडच्या हिवरखेडला देवीदास नावाचा कापूसवाला शेतकरी. त्यानं पहिल्यांदाच संत्रा लावला, दीडशे झाडं, सगळी शालिकरामकडून. पुढच्या वर्षी मी तेल्हाऱ्याला नातेवाइकांकडे गेलो होतो, तिथून मुद्दाम त्या मळ्यात गेलो. देवीदास गावाला गेलेला. सालानं ठेवलेला गडी, सालदार, होता; त्याला कपाशीपलीकडे काही माहीत नव्हतं. त्यानं विचारलं, "काका, एकेका झाडाले दोन दोन फुटी आल्या, कोणती राखू?" मला विचारलं म्हणून बरं वाटलं आधी. मग तो म्हणाला, "शालिकरामभाऊनं देल्लेली झाडं आहेत, मालक लय जपते." माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. मी खालच्या, जंबेरीच्या फुटीवर बोट ठेवलं. "ही जोमदार आहे, हीच राख." विहिरीजवळच्या पहिल्या झाडाची फूट मी स्वतः काठीला बांधून दाखवली. पुढच्या पाडव्याला तो सालदार दुसरीकडे लागला, आणि माझं नाव सांगणारं कोणी उरलं नाही.

पाच वर्षांनी फळ आलं. देवीदास वरूडला येऊन भर नर्सरीत शालिकरामला बोलला, "खोटी कलमं देल्ली तुमी मले!" शालिकराम स्वतः हिवरखेडला जाऊन बाग पाहून आला आणि गप्प बसला. अकोल्याकडची सगळी गिऱ्हाइकं त्याच्याकडून तुटली आणि माझ्याकडे आली. तो उन्हाळा मी फार सुखात काढला.

हे मी त्या दुपारी एका दमात लिहिलं. लिहिताना बरं वाटलं म्हणणार नाही, पण वहीत पहिल्यांदा मी सापडलो. मग विचार आला की शालिकरामला वाचून दाखवावं. यातही माझी खोड गेली नव्हती. वाटलं, कबूल करायला छाती लागते, एकदा तरी त्याच्या पुढे जाऊ.

तो अंगणात बाजेवर बसला होता. हात आता थरथरतात त्याचे, पट्टी धरवत नाही. मी ते पान वाचलं, शेवटपर्यंत. तो डोळे मिटून पाणी प्यायला.

"मले मालूम होतं," तो म्हणाला.

"कसं काय?"

"विहिरीजवळचं झाड पाह्यलं ना. काठी सडली होती, पट्टी सालीत रुतली होती. गाठ डावी होती. वरुडात डावी गाठ एकट्या तुहीच."

"मंग बोल्ला काहून नाही?"

"पौर्णिमाचं लगन होतं त्या महिन्यात. मी तोंड उघडलं असतं तं तुह्या मांडवात कोण आलं असतं?"

म्हणजे बुंदी वाढताना त्याला माहीत होतं. मला लाज वाटायला हवी होती. ती वाटली, पण नंतर. आधी वाटलं ते जुनंच: इथेही हा माझ्या आधी पोचला, बावीस वर्षं आधी.

"छापू का हे पान?" मी विचारलं.

"छाप नाहीतं फाड," तो म्हणाला, आणि पहिल्यांदाच त्याचा आवाज चढला. "पण देवीदास अजून म्हणते का मी खोटी कलमं देल्ली. तेवढं त्याले वाचून दाखव. मराच्या आंधी."

परतवाडा, अकोट करत मी एसटीनं हिवरखेडला गेलो. देवीदास म्हातारा झालाय. त्याच्या ओसरीवर, त्याच्या सुनेसमोर मी पान वाचलं. तो मला शिव्या देईल म्हणून मी तयारीनं गेलो होतो. त्यानं एवढंच विचारलं, "शालिकरामभाऊ बरे आहेत ना?"

"बरे आहेत."

"त्यायले म्हणा, देवीदासचं चुकलं. पुढच्या पावसाळ्याले शंभर झाडं पाहिजे. त्यायच्याच हातची."

मला त्यानं शिवीसुद्धा दिली नाही. चहा मात्र पाजला.

निरोप सांगितला तेव्हा शालिकराम लहान पोरासारखा रडला. मग हात पुढे करून म्हणाला, "या हातानं कसं होईल रे?"

आता रोज सकाळी आम्ही वाफ्यात बसतो. तो उजेडात धरून डोळे निवडतो, मी चीर देतो आणि बांधतो. मी घाई केली की तो हातावर चापट मारतो. देवीदासला फोन करून सांगितलंय, बांधणारा जानराव आहे. तो म्हणाला, "शालिकरामभाऊ बसले आहेत ना बाजूले? मंग चालते."

ज्योत्स्नाला मी सांगितलं, उद्देश सापडला, लिहून घे: शालिकरामचं गेलेलं नाव परत आणून देणं. पंचाहत्तराव्या वर्षी सापडला, आणि तोही त्याच्याच नावाचा. शंभर कलमांवर शंभर डाव्या गाठी असतील, आणि हिवरखेडात लोक म्हणतील, शालिकरामच्या हातची आहेत.